तुरुंगातल्या बंधुभगिनींना पत्र लिहिण्याआधी

सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वानवडीच्या तुमच्या तरुण संघाने परदेशात ख्रिस्ती विश्वासापायी तुरुंगात पडलेल्यांवरची चित्रफीत पाहिली, पोरांनी आपापल्या खिशातून 18,000 रुपये जमवले, आणि आता पत्रं लिहायची, पैसे पाठवायचे, जमलंच तर मेणबत्त्या घेऊन मोर्चा काढायचा, असं चाललंय. सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंत. खाली एका दादांनी लिहिलंय की इथल्याच मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, अडचणी संपत नाहीत, मग बाहेरच्यांचं ओझं कशाला. दोघांनाही एकत्रच उत्तर देते.

आम्ही पुण्याच्या कॅम्पात हे काम तेरा वर्षं करतोय. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी उपासना झाली की मागच्या हॉलमध्ये सात-आठ जण बसतो. चुकाही पुष्कळ केल्या, त्यातली एक पुढे सांगतेच.

आधी एक नाव निवडा. एकच. चित्रफितीत चाळीस चेहरे दिसतात, पोरं आठवडाभर हळहळतात आणि महिन्याने एकही नाव आठवत नाही. एक नाव धरलं की ते सोडायचं नाही, मग दहा वर्षं लागली तरी. आमच्या हॉलच्या भिंतीवर गेली अनेक वर्षं दोन नावं आहेत: आफ्रिकेतल्या एरिट्रिया देशातले पास्टर हायले नायझ्गी आणि डॉ. किफ्लू गेब्रेमेस्केल. 2002 च्या मे महिन्यात तिथल्या सरकारने ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि लुथरन सोडून बाकी सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना टाळं लावलं. 23 मे 2004 ला या दोघांना नेलं. आरोपपत्र नाही, खटला नाही, वकील नाही. 2024 मध्ये याला वीस वर्षं झाली. आमच्याकडे 2004 साली जन्मलेली मुलं आता त्यांच्यासाठी प्रार्थना करतात.

तिथे कैद्यांना मालवाहू कंटेनरमध्ये कोंडतात. चाकण-तळेगाव रस्त्यावर ट्रेलरवर दिसतो ना, तोच लोखंडी कंटेनर. दिवसा आतला पत्रा तापतो, रात्री गारठतो. हेलेन बेरहाने ही भक्तिगीतं गाणारी बाई 2004 ते 2006 अशा कंटेनरमध्ये होती. सुटली तेव्हा तिला धड चालता येत नव्हतं. पुढे तिला डेन्मार्कने आसरा दिला. मुलांना हे सांगायचं असेल तर एकदा तळेगावच्या रस्त्याला थांबून कंटेनर दाखवा. त्यावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

हायले आणि किफ्लू या दोघांपर्यंत पत्र पोहोचत नाही. मग आम्ही दर 23 मे ला दिल्लीतल्या एरिट्रियाच्या दूतावासाला लिहितो. भाषा अदबीची, मागणी एवढीच की खटला चालवा नाही तर सोडा. उत्तर कधी आलेलं नाही. पण या नावांची विचारपूस करणारं कुणीतरी आहे, याची नोंद तिथे दरवर्षी होते. सोव्हिएत रशियात 1964 साली बाप्टिस्ट कैद्यांच्या आया आणि बायकांनी परिषद स्थापली आणि नावांच्या याद्या करायला घेतल्या: कोण, कुठल्या छावणीत, किती वर्षं, घरी मुलं किती. त्या याद्या बाहेर गेल्या म्हणून जगाला कळलं. यादी ठेवणं हे कारकुनी काम वाटतं, पण तिथले सत्ताधारी नेमके त्यालाच घाबरले आणि त्यातल्या बायकांनाही आत टाकलं.

पत्रांसाठी मात्र दुसरं नाव घ्या, ज्याच्या तुरुंगाचा पत्ता घरच्यांनी किंवा त्यांच्याशी थेट संबंध असलेल्या संस्थेने स्वतः दिलाय असं. ओपन डोअर्स, ख्रिश्चन सॉलिडॅरिटी वर्ल्डवाइड यांच्याकडे माहिती मिळते. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय धर्मस्वातंत्र्य आयोगाची कैद्यांची यादीही कुणालाही पाहता येते. तिच्यात बहाई, अहमदी, उइगुर मुसलमान असे सगळेच आहेत, आणि मुलांनी ती सगळी चाळावी असं मला मनापासून वाटतं. इराणच्या एविन तुरुंगात आपले विश्वासी आणि बहाई एकाच कारणापायी बसलेत.

व्हॉट्सॲपवर आलेलं नाव तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. ‘अफगाणिस्तानात उद्या 22 मिशनऱ्यांना फाशी, तातडीने प्रार्थना करा’ हा निरोप मला मराठीत निदान सहा वेळा आलाय. 2007 मध्ये तालिबानने 23 दक्षिण कोरियन लोकांना ओलीस धरलं, दोघांना मारलं, बाकीचे त्याच वर्षी सुटले. त्या खऱ्या घटनेच्या आगेमागे ही अफवा अजून फिरते. खोट्या नावावर मंडळी एकदा रडली की खऱ्या नावाला कुणी उठत नाही.

आता पत्राबद्दल. पहिला वाचणारा जेलर असतो, हे डोक्यात ठेवूनच लिहायचं. संस्थेचं नाव नको, सरकारवर शब्द नको, खटल्याची चौकशी नको, ‘तुमच्या छळाबद्दल वाचलं’ असं तर अजिबात नको. पैसे, पुस्तिका, चमकी लावलेली कार्डं नकोत. मराठीत लिहिलं तर तपासणाऱ्याला कळत नाही आणि पत्र बाजूला पडतं, म्हणून सोपं इंग्रजी, किंवा त्या भाषेतल्या दोन-चार ओळी कुणा जाणकाराकडून तपासून. पत्रांवर क्रमांक टाका. मधलं एखादं गहाळ झालं तर वाचणाऱ्याला निदान ते कळतं. पाठीमागे चर्चचा पत्ता घालायचा की नाही हे पास्टरांना विचारून ठरवा. मुलांच्या घरचे पत्ते मात्र कधीच घालू नका.

आमच्यात एक आजी होत्या, वय ऐंशीच्या पुढे. इंग्रजी येत नसे, म्हणून त्या कार्डावर जास्वंद काढायच्या, लाल पेन्सिल थुंकीने ओली करून, म्हणजे रंग गडद उठतो. एकदा नोव्हेंबरात जीपीओत टाकलेलं त्यांचं कार्ड पुढच्या सप्टेंबरात परत आलं. आम्हाला वाटलं, वाया गेलं. आजींनी पाकीट चष्म्याजवळ धरलं. एक कड कात्रीने नीट कापलेली होती आणि वरून चिकटपट्टी लावून बंद केलेली. आत जास्वंदावर एका बोटाचा मळका ठसा होता. “कुणीतरी धरून पाहिलंय,” त्या म्हणाल्या, आणि पुढचं कार्ड काढायला बसल्या. ते पाकीट अजून आमच्या कपाटात आहे.

पाकिस्तानबाबत मात्र नियम वेगळा. पुण्याहून तिथल्या तुरुंगात पत्र पाठवू नका. भारताचं तिकीट असलेलं पाकीट त्या कैद्यावर दुसराच आळ आणू शकतं. आपल्या समाधानासाठी त्याच्या जिवाशी खेळ नको. इतर देशांतल्या मंडळ्या लिहितात, त्यांना लिहू द्या.

इथेच त्या दादांना सांगायचंय. पाकिस्तानातल्या आसिया बीबीचं प्रकरण सुरू कुठून झालं? 2009 च्या जूनमध्ये, पंजाबातल्या एका मळ्यात फालसे तोडताना, पाण्यावरून. ही ख्रिस्ती, हिने हात लावलेलं पाणी आम्ही पिणार नाही, असं सोबतच्या बायका म्हणाल्या. भांडण झालं आणि काही दिवसांत तिच्यावर ईशनिंदेचा आरोप आला. 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे राज्यपाल सलमान तासीर आणि मंत्री शाहबाज भट्टी 2011 मध्ये मारले गेले. 31 ऑक्टोबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, आणि 2019 च्या मे महिन्यात ती कॅनडात पोहोचली. दादा, पाण्याला हात लावण्यावरून माणसाला काय भोगावं लागतं, हे महाडच्या चवदार तळ्याच्या महाराष्ट्राला दुसऱ्याने शिकवायला नको. नगर जिल्ह्यातल्या आमच्या पणज्यांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. मी तिची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा ती मला परदेशातली वाटलीच नाही. इथल्या मंडळ्यांसाठी जे करताय ते करत राहा. महिन्यातून एक तास या कामाला दिला तर त्यात काही कमी पडत नाही.

आता माझी चूक. पाच-सहा वर्षांपूर्वी एका कैद्याच्या बायको-मुलांची नावं आणि गाव लिहून, मुलांच्या हातात फलक देऊन, मी फोटो फेसबुकवर टाकला. दोन दिवसांनी निरोप आला की घरच्यांनी मुद्दाम गप्प राहायचं ठरवलंय, त्यांची बोलणी चाललीत. मी फोटो काढला, पण तोवर तो पुष्कळ ठिकाणी गेला होता. त्याने काही बिघडलं का, मला कधीच कळलं नाही, आणि ते मनातून जात नाही. गाजावाजा करायचा की गप्प राहायचं, हे ठरवायचा हक्क घरच्यांचा. आसिया बीबीच्या वेळी गाजावाजा लागला. तुर्कस्तानात 2016 ते 2018 आत असलेले पास्टर अँड्र्यू ब्रन्सन यांच्या वेळीही लागला. पण म्हणून तो सगळीकडे लागू पडतो असं नाही. तुमच्या मेणबत्ती मोर्चाबद्दल माझं मत यातूनच समजा: आत्ता नको. पोलिसांची परवानगी, फोटो, बातम्या यात मुलांचा सगळा जोर संपेल.

पैशांचं थोडक्यात. मंडळीच्या ट्रस्टच्या खात्यातून परदेशी पैसे पाठवू नका. सीए आणि धर्मादाय आयुक्तांची भानगड मागे लागते. एखाद्या सज्ञान व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून, बँकेत ए-टू फॉर्म भरून, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या व्यक्तींनी परदेशी पैसे पाठवायच्या योजनेतून ओळखीच्या संस्थेला पाठवावेत. वर्षाला 2,50,000 डॉलरची मर्यादा आहे, तुम्हाला तिची काळजी नाही. बँकेचं शुल्क मात्र दरवेळी लागतं, म्हणून एकदाच पाठवा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरातली 80जी ची सूट मिळत नाही, हे देणाऱ्यांना आधी सांगा. इराण, उत्तर कोरिया इथे थेट पैसे पाठवायचा विचारही नको, आणि ‘कुणाच्या ओळखीने’ तर मुळीच नको. मी असते तर 18,000 तले तीन-चार हजार टपालासाठी ठेवले असते आणि बाकीचे कैद्यांच्या कुटुंबांसाठी दिले असते. कमावता माणूस आत गेला की घरभाडं आणि मुलांची फी कुणीतरी भरावीच लागते.

प्रार्थनेत ‘हे विश्वासाचे वीर’ अशी भाषा ऐकते तेव्हा मला बोलावंसं वाटतं. ब्रन्सन यांनी स्वतःच सुटल्यावर सांगितलंय की आत ते खचले होते, देव गप्प आहे असं त्यांना वाटे. बायबलात पौलाने तीमथ्याला तुरुंगातून काय मागितलं? त्रोवसात राहिलेला झगा, पुस्तकं, आणि हिवाळ्यापूर्वी ये. माणसाला थंडी वाजत होती. तेव्हा झोप लागावी, औषध मिळावं, चादर मिळावी, भेटीचा दिवस रद्द होऊ नये, असं नावानिशी मागा. चीनमधल्या छंगदूचे पास्टर वांग यी यांना 9 डिसेंबर 2018 ला धरलं आणि 2019 च्या 30 डिसेंबरला नऊ वर्षांची शिक्षा झाली. अशा तारखा चर्चच्या कॅलेंडरवर वाढदिवसांसारख्या लिहून ठेवा. त्या दिवशी काय मागायचं ते मुलं आपोआप विचारतात.

उत्तर येईल का, हे मुलं नक्की विचारतील. तेरा वर्षांत आम्हाला दोन उत्तरं आली. पहिल्यात नुसतं नाव आणि आभार. दुसरं एका बाईंचं होतं, कुठल्या देशाच्या ते सांगत नाही. आमच्यातल्या एका मुलाने पत्रात सहज लिहिलं होतं की आज खूप पाऊस आहे, छत्री उलटी झाली. त्यांनी विचारलं होतं, तुमच्याकडे पाऊस किती दिवस पडतो आणि तेव्हा वास कसा येतो. त्या वर्षी आम्ही त्यांना जूनपासून सप्टेंबरपर्यंतचा पाऊस लिहून पाठवला. खडकवासला कधी भरलं, मुठेला पाणी कधी सोडलं, भिडे पूल कोणत्या दिवशी पाण्याखाली गेला. वासाबद्दल आजींनी सांगितलं आणि मुलाने ते इंग्रजीत उतरवलं, तीन वेळा खोडून.