खत वाढवलं तरी उतारा का वाढेना? काडी, बोअर आणि सेंद्रियवरच्या प्रश्नांची उत्तरं

मंडळी, प्रश्न बरेच आलेत पण त्यातले चार पुन्हा पुन्हा येतायत म्हणून एकदमच उत्तर देतो. खताचा डोस दरवर्षी वाढवतोय तरी उतारा (म्हणजे एकरी उत्पादन) तिथंच अडकलाय. पिकाची काडी मशागतीला आड येते, पेटवली तर चालेल का. बोअरचं पाणी खाली गेलंय, अजून खोल घ्यावा का. आणि एका ताईंनी विचारलंय, रासायनिक एकदम बंद करून पूर्ण सेंद्रियवर गेलो तर घरच्यापुरतं तरी पिकेल ना?

पहिले तीन प्रश्न वेगळे दिसतात पण फिरून फिरून जमिनीतल्या सेंद्रिय कर्बापाशीच येतात, म्हणजे शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत राहतो त्या कार्बनपाशी. खताचं बघा, जगभरात धान्यपिकांना टाकलेल्या नत्रातला (नायट्रोजनमधला) साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमीच पिकाच्या पोटात जातो, बाकीचा बराचसा हवेत उडतो नाहीतर पाण्याबरोबर खाली निघून जातो, आणि ज्या जमिनीत कर्ब कमी तिथं धरून ठेवायलाच काही नसतं मग तुम्ही एक गोणी टाका नाहीतर दोन. त्यात युरिया वरच्यावर फेकून द्यायचा, जमीन गरम, ओल नुसती वरवर, मग तो अमोनिया होऊन उडणारच ना भाऊ. दोन इंच मातीआड करा किंवा टाकल्यावर लगेच हलकं पाणी द्या, आणि सगळा एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या. एवढं केलं तरी फरक दिसतो. दुसरं म्हणजे नत्र-स्फुरद-पालाश भरपूर पण जस्त किंवा गंधकच कमी पडलं तर पीक त्या कमतरतेपाशीच अडतं, वरचं खत वाया. हे माती परीक्षणाशिवाय कळत नाही. सॅम्पल घेताना मात्र बांधाजवळची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती घेऊ नका, 15-20 ठिकाणची अर्धा-पाऊण फूट खोलीपर्यंतची घ्या, एकत्र कालवा आणि त्यातली अर्धा किलो पाठवा. बरेच जण एकाच कोपऱ्यातली मूठभर आणतात, त्या रिपोर्टला काही अर्थ नसतो.

लॅबला द्यायच्या आधी घरीच एक टेस्ट करा. 6 इंच व्यासाच्या पाइपचा तुकडा शेतात दोन-तीन इंच ठोकून बसवा, आत 450 मिली पाणी हळूच ओता (हे साधारण एक इंच पावसाएवढं होतं), ते मुरलं की परत तेवढंच ओता आणि या दुसऱ्या पाण्याला मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. मग तीच टेस्ट बांधावरच्या, जिथं कधी नांगर लागला नाही अशा गवताच्या जागेत करा. दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवा, मला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

पाणी लवकर मुरणं एवढं महत्त्वाचं का, त्याचा आता हिशोब ऐका. एक एकरावर 1 मिमी पाऊस म्हणजे साधारण 4 हजार लिटर पाणी. 50 मिमीची एक सर पडली की 2 लाख लिटर तुमच्या शेतात फुकट आलं. जमीन दडपलेली असेल, वर पापुद्रा आलेला असेल, तर त्यातलं बरंचसं पाणी वरची माती घेऊन नाल्याला जातं आणि महिन्याभरात तुम्ही तेच पाणी लाइट जाळून खालून उपसत बसता. रोटावेटर दरवर्षी एकाच खोलीवर फिरवला की त्याच्याखाली घट्ट थर बसतो, तो आधी कुदळीनं उकरून बघा. जमिनीच्या उताराला आडवी पेरणी करा, जमीन उघडी ठेवू नका. वाफसा नसताना, म्हणजे माती अजून चिखलट ओली असताना, ट्रॅक्टर घालू नका.

आता काडी. पेटवू नका. पेटवली की त्यातला कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो, गंधकही बराच जातो, पालाश राखेत उरतो पण ती राख पहिल्या वाऱ्यात नाहीतर पावसात गेली. पण गाडायची पण रीत आहे. गव्हासारख्या काडीत नत्राच्या साधारण 80 पट कर्ब असतो आणि जिवाणूंना लागतो 24 पटीच्या आसपास, म्हणून काडी गाडून लगेच पेरलं तर ते जिवाणू जमिनीतलाच नत्र उचलतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं, मग लोक म्हणतात काडी गाडली नि नुकसान झालं. बारीक करा, ओल असताना गाडा, पेरणीआधी तीन-चार आठवडे मोकळे ठेवा, सोबत थोडं नत्र द्या. वेळच नसेल तर गाडूच नका, दोन ओळींमध्ये आच्छादन म्हणून पसरा, तेही चालतं.

कर्ब वाढवायची बाटली मिळते, घ्यावी का असंही दोघांनी विचारलंय. एका एकरातली वरची अर्धा फूट माती अंदाजे 8 लाख किलो भरते, म्हणजे कर्ब नुसता 0.1 टक्का वाढवायचा तर 800 किलो कर्ब जमिनीत टिकून राहायला पाहिजे, आणि टाकलेल्यातला बराचसा तर कुजताना उडूनच जातो. लिटरभराच्या बाटलीत किती मावेल तुम्हीच बघा. शेणखत, काडी, ताग-धैंचाचं हिरवळीचं खत, मध्ये एखादं डाळवर्गीय पीक, याला काही वर्षं लागतात, शॉर्टकट नाही.

ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर, एकदम बंद करू नका. श्रीलंकेत 2021 मध्ये सरकारनं रासायनिक खतांवर अचानक बंदी आणली, भाताचं उत्पादन जोरात खाली आलं आणि त्याच वर्षी बंदी मागं घ्यावी लागली. सेंद्रिय वाईट म्हणून नाही, जमिनीची तयारी नव्हती म्हणून. तुम्ही आधी एका तुकड्यावर करा, तिथला कर्ब आणि उतारा बघत रासायनिक टप्प्याटप्प्यानं कमी करा, धान्याचं मुख्य रान शेवटी घ्या.

आणि बोअर. खोल घ्यायच्या आधी दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, मोजायच्या आधी पंप रात्रभर बंद ठेवा. पावसाळ्यानंतरची पातळी दरवर्षी खालीच जात असेल तर भरतंय त्यापेक्षा जास्त उपसलं जातंय, खोल गेलात तर शेजाऱ्याचं पाणी आधी तुमच्याकडं येईल, मग तो अजून खोल जाईल. ठिबक चांगलंच आहे पण वाचलेल्या पाण्यावर अजून दोन एकर वाढवले तर पातळी आहे तशीच घसरणार. शिवाय खोलचं पाणी बऱ्याचदा खारट लागतं. लिटरला 640 मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी हंगामात 500 मिमी दिलं तर एकरी जवळपास 1300 किलो क्षार शेतात येऊन पडतात, निचरा नसेल तर ते तिथंच बसणार. म्हणून नवीन बोअरला पाणी लागलं तरी मोटर बसवायच्या आधी ते पाणी तपासून घ्या, रिपोर्टमध्ये ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, त्यावरून क्षार किती ते कळतं) किती आलाय ते मला कळवा, मग कुठलं पीक घ्यायचं ते बघू.