उंदरात पीएसए सापडेल का?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी प्रोस्टेट कॅन्सरचं मार्कर प्रथिन पीएसए याचं उंदरातलं प्रतिरूप शोधते आहे. ब्लास्ट या क्रम जुळवून शोधणाऱ्या साधनात माणसाचा क्रम टाकला की केएलके१ या प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांच्या घराण्यातली बरीच नावं येतात. सगळ्यात वरचं धरून पुढे जाऊ का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर: थांबा, पुढे जाऊ नका. हीच चूक मी केली होती, म्हणून ठासून सांगते. जुळणीचा आकडा बरा दिसला, मी तेच उंदराचं पीएसए धरलं आणि सहा आठवडे उंदराच्या प्रोस्टेटच्या नमुन्यांवर माणसाच्या पीएसएची अँटीबॉडी चालवत बसले. प्रथिन सापडल्याची खूण म्हणजे बँड, तो धड एकदाही आला नाही. मी अँटीबॉडीलाच दोष देत राहिले.

उंदरात पीएसए नाहीच. ज्या केएलके३ जनुकातून ते बनतं, ते माणूस, वानरं आणि आफ्रिका-आशियातल्या माकडांकडे आहे. तुम्हाला दिसतात ती त्याची चुलत भावंडं. उंदरात एका केएलके१ची डझनभर जनुकं झाली आहेत, त्यामुळे क्रम बऱ्यापैकी जुळणारच.

ताळा करायचा तर वर आलेलं उंदराचं प्रथिन घेऊन उलट माणसाच्या प्रथिनांत शोधा. पहिलं केएलके१ आलं, तर जोडी जमली नाही. मग जनुकाचा शेजार बघा. माणसात हा पट्टा १९व्या गुणसूत्रावर, उंदरात ७व्यावर. शेजारी ओळखीचे भेटतील, केएलके३ भेटणार नाही.

कुत्रा मात्र चकवतो. त्याच्या प्रोस्टेटमधून सीपीएसई हे प्रथिन भरपूर स्रवतं, म्हणून ते पीएसएच वाटतं. पण एन्झाइमच्या खोबणीच्या तळाशी, १८९व्या जागी, पीएसएत सेरिन आहे आणि सीपीएसईत अ‍ॅस्पार्टेट. म्हणून पीएसए टायरोसिनसारख्या अमिनो आम्लाजवळ साखळी तोडतं, सीपीएसई आर्जिनिनजवळ. पशुवैद्य ते तपासतात, तेही मुख्यतः प्रोस्टेटच्या साध्या वाढीसाठी.

सगळेच मार्कर असे नाहीत. यकृताच्या कॅन्सरचं मार्कर म्हणून एएफपी तर १९६३ साली उंदराच्या यकृताच्या गाठीतच आधी सापडलं. आतड्याच्या कॅन्सरचं मार्कर सीईए मात्र उंदरात नाही, त्यासाठी माणसाचं जनुक घातलेले उंदीर वापरतात.

प्रकल्पात ‘उंदरात ऑर्थोलॉग (म्हणजे खरं प्रतिरूप) नाही’ असं स्पष्ट लिहा आणि दोन्ही दिशांच्या शोधाचे निकाल जोडा. हा पूर्ण निष्कर्ष आहे, अपयश नव्हे. पीएसए मोजायचंच असेल तर प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरात वाढवलेल्या एलएनकॅप या मानवी पेशी घ्या, त्या पीएसए स्रवतात.