लिनक्सवर वाय-फाय मधेच गोठतं आणि आपोआप सुरू होतं, लॉगमध्ये 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर' येते. कार्ड खराब झालं का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपचं वाय-फाय दिवसातून तीन-चारदा काही सेकंद गोठतं, मग काही न करता परत चालू होतं, आणि प्रत्येक वेळी कर्नल लॉगमध्ये आयडब्ल्यूएलवायफाय या इंटेल कार्डांच्या ड्रायव्हरची 'मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड, रिस्टार्टिंग' ही ओळ सापडते. कार्ड बदलायचं का आणि मूळ कारण कसं शोधायचं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षं वायरलेस ड्रायव्हरवर काम करतो, आणि त्यातला मोठा काळ याच 'पडलं, उठलं' प्रकारावर गेला आहे.

कार्ड बहुधा ठीक आहे. वाय-फायच्या चिपमध्ये स्वतःचा प्रोसेसर असतो आणि त्यावर स्वतःचा प्रोग्राम चालतो, तो म्हणजे फर्मवेअर. त्या प्रोग्राममध्ये ठिकठिकाणी तपासण्या असतात: ही क्यू रिकामी असायला हवी, या स्टेशनची, म्हणजे जोडलेल्या उपकरणाची, नोंद आधीच असायला हवी. एखादी तपासणी चुकली की फर्मवेअर पुढे रेटत नाही. ते थांबतं, आपली अवस्था एका तक्त्यात लिहून ठेवतं आणि ड्रायव्हरला इंटरप्ट, म्हणजे 'इकडे लक्ष दे' असा इशारा, देतं. तुमच्या ओळीतली 'एसडब्ल्यू' ही अक्षरं तेच सांगतात, तक्रार सॉफ्टवेअरची आहे. कार्ड खरोखर सुटलं असेल किंवा कार्डाला लॅपटॉपशी जोडणारी पीसीआयई लिंक झोपेतून उठली नसेल, तर चित्र वेगळं दिसतं. चिपमधलं कुठलंही रजिस्टर (छोटा स्मृतीकप्पा) वाचा, उत्तरात सगळे बिट १ येतात. तशा वेळी फर्मवेअरला दोष देण्यात अर्थ नाही, कारण बोलायला पलीकडे कोणी नसतंच.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो जास्त फसवा आहे. फर्मवेअर तक्रार करत नाही, नुसतं गप्प बसतं. ड्रायव्हरने आज्ञा पाठवली, उत्तर आलं नाही. आयडब्ल्यूएलवायफाय अशा उत्तरासाठी २ सेकंद थांबतो, मग 'टाइम आउट' लिहितो आणि स्वतःच फर्मवेअरला टोचतो, म्हणजे एनएमआय (टाळता न येणारा इंटरप्ट) देतो, जेणेकरून निदान ते कुठे अडकलंय हे लिहून देईल. त्यामुळे लॉगमध्ये जे मोठं भेंडोळं येतं त्यात एररचं नाव 'एनएमआय इंटरप्ट' असं काही असेल, तर ते कारण नाही. ते ड्रायव्हरने टोचल्याचं चिन्ह आहे. खरं कारण त्याच्या वरच्या, टाइम आउटच्या ओळीत. मला येणाऱ्या निम्म्याहून जास्त तक्रारींत लोक भेंडोळ्यापासून पुढचाच लॉग पाठवतात आणि वरच्या वीस ओळी कापून टाकतात. साप सोडून भुई धोपटणं होतं ते.

आता 'आपोआप सुरू होतं' म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा खोलात सांगतो, कारण शोध तिथूनच लागतो.

फर्मवेअर पडलं की त्याची सगळी स्मृती जाते. कुठल्या राउटरशी जोडलं होतं, कुठल्या चॅनलवर, कूटलेखनाच्या कुठल्या किल्ल्या, सगळं. हे सगळं कर्नलमधल्या मॅक८०२११ या थराकडे मात्र नोंदलेलं असतं. म्हणून ड्रायव्हर आधी क्यू थांबवतो, एररचा तक्ता आणि डंप (फर्मवेअरच्या स्मृतीची प्रत) काढून घेतो आणि मॅक८०२११ला सांगतो की हार्डवेअर रिस्टार्ट करायचंय. मग तो थर फर्मवेअर पुन्हा चढवायला लावतो आणि आपल्या वहीतून एकेक गोष्ट परत वाचून दाखवतो: हा इंटरफेस, हे चॅनल, हे स्टेशन, ही किल्ली. राउटरला पत्ताही लागत नाही. सगळं नीट झालं तर तुम्हाला फक्त क्षणभर अडखळल्यासारखं वाटतं.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची खरी कसोटी या वाटेवर लागते. फर्मवेअर पडलं त्या क्षणी कुणीतरी आज्ञेच्या उत्तराची वाट पाहत लॉक (एका वेळी एकालाच मिळणारी परवानगी) धरून बसलेलं असू शकतं, आणि रिस्टार्टलाही तोच लॉक हवा असतो. त्या वाट पाहणाऱ्याला आधी 'आता उत्तर येणार नाही' असं सांगून उठवलं नाही, तर दोघंही एकमेकांसाठी ताटकळत राहतात. अर्धवट राहिलेलं स्कॅन रद्द झाल्याचं वर कळवावं लागतं. हवेत जायला निघालेली पाकिटं, म्हणजे डेटाचे तुकडे, परत करावी लागतात. यातलं एखादं विसरलं तरी रोजच्या वापरात काहीच दिसत नाही, कारण ही वाट रोज चालली जात नाही.

आणि वहीत नसलेल्या गोष्टींचं काय? मी एका चिपच्या ड्रायव्हरवर काम करत होतो तेव्हाची गोष्ट. रिस्टार्ट व्हायचा, जोडणी कायम दिसायची, चिन्ह पूर्ण भरलेलं, सिग्नल उत्तम. पण डेटा जायचा नाही. त्यातही गंमत अशी की कधी सगळं सुरळीत चालायचं आणि कधी मिनिटंच्या मिनिटं अडकायचं. ड्रायव्हरच्या लॉगमध्ये एकही चूक नाही. शेवटी दुसरं कार्ड मॉनिटर मोडमध्ये ठेवून हवेतली पाकिटं पकडली. रिस्टार्टच्या आधीच्या शेवटच्या पाकिटाचा क्रमांक होता १७३०. नंतरच्या पहिल्याचा ०.

वाय-फायच्या प्रत्येक डेटा पाकिटावर १२ बिटांचा क्रमांक असतो, ० ते ४०९५, मग पुन्हा ०. त्या चिपमध्ये हा क्रमांक फर्मवेअर स्वतः घालायचं, आणि पाकिटांचा गठ्ठा करून पाठवण्याचा राउटरशी झालेला करारही तेच सांभाळायचं. फर्मवेअर नव्याने उठलं, शून्यापासून मोजू लागलं, पण करार मोडल्याचं राउटरला कुणी सांगितलंच नाही. राउटर १७३१ची वाट पाहत होता. मागचे २०४८ क्रमांक तो 'जुने' समजतो आणि टाकून देतो. शून्य त्यात बसत होतं. राउटरचं हार्डवेअर पोचपावती मात्र लगेच द्यायचं, म्हणून आमच्या ड्रायव्हरला सगळं पोचतंय असंच वाटायचं. नुसतं पिंग सेकंदाला एक या वेगाने चालू ठेवलं असतं, तर १७३० ओलांडायला जवळजवळ २९ मिनिटं लागली असती.

आणि कधी सुरळीत का? रिस्टार्टच्या वेळी क्रमांक २९०० वगैरे असेल, तर राउटरच्या हिशेबात शून्य हे मागचं नसून पुढचं ठरतं, ४०९५ नंतरचं. तो अपेक्षित क्रमांकांची आपली खिडकी पुढे सरकवतो आणि काम चालू. म्हणजे नशीब केवळ त्या क्षणीच्या क्रमांकावर अवलंबून होतं. हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो होतो. उपाय सोपा निघाला: अशा चिपवर रिस्टार्टनंतर जोडणी टिकवायचा हट्ट धरायचा नाही, मॅक८०२११ला सांगून ती तोडायची आणि नव्याने जोडायची. क्वालकॉमच्या डब्ल्यूसीएन३९९०साठी ॲथ१०के ड्रायव्हरमध्येही नेमकी हीच सोय आहे. एक-दोन सेकंद जातात, पण खोटी जोडणी राहत नाही.

कूटलेखनाचा पॅकेट नंबर हा याचाच अधिक गंभीर भाऊ. सीसीएमपी या वाय-फायच्या नेहमीच्या कूटलेखन पद्धतीत तो ४८ बिटांचा असतो आणि एकाच किल्लीवर कधीही मागे जाता कामा नये. मागे गेला तर समोरचा ते पाकीट जुन्याची नक्कल समजून टाकतो, हे झालं किरकोळ नुकसान. तोच नंबर त्याच किल्लीसह पुन्हा वापरला गेला, तर गुप्ततेलाच तडा जातो. म्हणून हा नंबर जिथे कर्नल सांभाळतं, तिथे रिस्टार्ट निर्धास्तपणे करता येतो.

आता तुमच्या लॅपटॉपकडे. जर्नलसीटीएल या आज्ञेने फक्त कर्नलचा लॉग काढा आणि त्या दिवसातली पहिली घटना शोधा, शेवटची नाही. एकदा पडून उठलेली यंत्रणा पुढे वेगळ्याच कारणाने पडू शकते. पहिल्या घटनेच्या आधीचं एक मिनिट वाचा: स्कॅन चालू होतं का, एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर उडी मारली का, लॅपटॉप झोपेतून उठला का, टाइम आउट आला का. मग भेंडोळ्यातल्या तीन गोष्टी उतरवून घ्या. फर्मवेअरची आवृत्ती. एररचा क्रमांक, शेजारी 'ॲडव्हान्स्ड सिसअसर्ट' असं नाव असलं तर नावाकडे दुर्लक्ष करा, ते सरसकट सगळ्यांना मिळतं, ओळख क्रमांकात असते. आणि 'लास्ट कमांड आयडी'. त्याची शेवटची दोन अक्षरं आज्ञेचं नाव सांगतात: १सी म्हणजे पाकीट पाठवणं, ०डी म्हणजे स्कॅन, ९सी म्हणजे आकडेवारी मागणं. बाकीचे ड्रायव्हरच्या हेडर फाइलमध्ये मिळतील. प्रत्येक वेळी तीच आज्ञा दिसली, तर तुम्ही कारणाच्या फार जवळ आहात.

डंपची घाई करा. कर्नलची डेव्हकोअरडंप यंत्रणा तो सिसएफएसमध्ये (/sys या फोल्डरमध्ये) त्याच नावाच्या वर्गाखाली ठेवते, पण फक्त ५ मिनिटं. नंतर पुसून टाकते. तुम्ही जेवायला गेलात तर गेला. म्हणून युडेव्हचा (उपकरणांच्या घटना पाहून ठरलेलं काम करणाऱ्या सेवेचा) एक नियम लिहून तो आपोआप फाइलमध्ये कॉपी होईल अशी व्यवस्था करा. एक इशारा मनापासून: त्या डंपमध्ये तुमचे मॅक पत्ते, पाकिटांचे तुकडे आणि किल्ल्यासुद्धा असू शकतात. तो सार्वजनिक ठिकाणी चिकटवू नका. पाठवायचाच असेल तर आधी राउटरचा पासवर्ड तात्पुरता बदलून नव्याने डंप घ्या, पाठवा, मग पुन्हा बदला.

प्रयोग करताना एका वेळी एकच गोष्ट हलवा. पहिल्यांदा वीजबचत बंद करून दोन दिवस पाहा. ड्रायव्हरच्याच आयडब्ल्यूएलएमव्हीएम या भागाचा 'पॉवर स्कीम' १ केला की चिप सतत जागी राहते. फरक पडला नाही तर ते परत पूर्ववत करा आणि फर्मवेअरची आधीची आवृत्ती वापरा. लिनक्स-फर्मवेअर पॅकेजमध्ये बहुतेक चिपसाठी अनेक आवृत्त्या असतात. ड्रायव्हर सर्वांत नवी शोधतो आणि ती नसेल तर एकेक खाली उतरतो, म्हणून नव्या फाइलचं नाव बदलून ठेवलं की पुरतं. कर्नल आणि फर्मवेअर दोन्ही एकदम बदलू नका, मग कशाने बरं वाटलं ते कळत नाही.

घटना हवी तेव्हा घडत नसेल आणि पडलेल्या अवस्थेतच चिप तपासायची असेल, तर ड्रायव्हरचा 'एफडब्ल्यू रिस्टार्ट' पॅरामीटर बंद करता येतो. मग तो उठवत नाही, सगळं जागच्या जागी राहतं. उलटी सोयही आहे: डीबगएफएस या कर्नलच्या तपासणीसाठीच्या फोल्डरमधून फर्मवेअर मुद्दाम पाडता येतं. ॲथ१०केमध्ये तर सॉफ्ट, हार्ड, असर्ट असे पाडण्याचे प्रकार निवडता येतात. मी माझ्या ड्रायव्हरवर हे नुसतं रिकामं बसलेलं असताना करत नाही, तर स्कॅनच्या मधे, राउटरशी किल्ल्यांची देवाणघेवाण चालू असताना आणि झोपेत जाता जाता करतो. चुका तिथेच निघतात. तुम्हीही एकदा मुद्दाम पाडून पाहा. तेव्हाही आठ-दहा सेकंद लागत असतील, तर तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न आहेत: फर्मवेअर का पडतं हा एक, आणि उठायला इतका वेळ का लागतो हा दुसरा.

पहिल्या घटनेचा लॉग, वरच्या वीस ओळींसकट, आणि लास्ट कमांड आयडी इथे टिप्पणीत टाका. मॅक पत्ते झाकून. मी वाचून सांगतो.