मांजर घरात आहे की बाहेर, हे सांगणारी यंत्रणा रास्पबेरी पायवर घरी करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तळमजल्यावरचं घर, दिवसभर आत-बाहेर करणारी मांजर, कपाटात पडून असलेले दोन रास्पबेरी पाय, म्हणजे छोटे एका बोर्डाचे संगणक (एक ३ बी, एक झीरो डब्ल्यू), आणि ती कुठे आहे हे कळायला जीपीएस लावावं का. शिवाय आईंना स्मार्टफोनची कटकट नको आहे.

करता येईल, आणि जीपीएस नको. घरात तर नकोच. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो की स्लॅबखाली तो मिळतच नाही. खिडकीशी मिळाला तरी नकाशावरचा ठिपका शेजारच्या इमारतीवर उड्या मारत बसतो. निओ-६एमसारखं स्वस्त जीपीएस मोड्यूलसुद्धा मोकळ्या आकाशाखाली साधारण अडीच मीटरपर्यंत अचूक असतं, पण तुमच्या ओट्यापासून हॉलच्या दारापर्यंतचं अंतरच तेवढं असेल. वर ते चालू असताना चाळीस-पन्नास मिलिअँपिअर खातं, म्हणजे गळ्यात जी बॅटरी लागेल ती मांजर सहन करणार नाही.

तेव्हा प्रश्नच जरा बदलून घ्या. "नेमकी कुठे" सोडा. "कोणत्या खोलीत, आणि आत की बाहेर" एवढंच विचारा. या दोन गोष्टी घरच्या सामानात चांगल्या कळतात. त्यातही "आत की बाहेर"ला जास्त महत्त्व द्या, कारण रात्री अकराला दार लावताना तेवढंच हवं असतं.

खोली ओळखायला ब्लूटूथ लो एनर्जीचा छोटा बीकन पुरतो. गळपट्ट्यात अडकवायचा, सीआर२०३२ या नाणेसेलवर चालणारा. तो ठरावीक अंतराने आपली ओळख हवेत सोडत राहतो. प्रत्येक खोलीत एक बोर्ड ती ऐकतो आणि किती जोरात ऐकू आली ते मुख्य बोर्डाला कळवतो. ऐकायला प्रत्येक खोलीत रास्पबेरी पाय ठेवणं म्हणजे उधळपट्टी. तिथे ईएसपी३२ हा वाय-फाय आणि ब्लूटूथ असलेला छोटा बोर्ड लावा. चार-पाचशे रुपयांत मिळतो, पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. त्यावर ईएसप्रेझेन्स हे फर्मवेअर (बोर्ड चालवणारा तयार प्रोग्राम) टाकलं की एक ओळही न लिहिता तो ऐकायला लागतो. ३ बी मध्यवर्ती ठेवा आणि झीरो डब्ल्यू दारासाठी राखून ठेवा.

आता खरी मेख. हे फर्मवेअर तुम्हाला अंतर मीटरमध्ये दाखवेल, दशांशासकट. त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अंतर थेट मोजलेलं नसतं, सिग्नलच्या जोरावरून काढलेलं असतं, आणि मोकळ्या जागेतसुद्धा सहा डेसिबलचा (डेसिबल हे सिग्नलच्या जोराचं माप) फरक पडला की काढलेलं अंतर दुप्पट होतं. तीन मीटरचे सहा. घरात सहा डेसिबल म्हणजे काहीच नाही. मांजर बीकन पोटाखाली घेऊन मुटकुळं करून झोपली की दहा-पंधरा डेसिबल सहज जातात, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं आणि मांजर म्हणजे बहुतांशी पाणीच. भर म्हणून बीकन २४०२, २४२६ आणि २४८० मेगाहर्ट्झ अशा तीन वाहिन्यांवर आळीपाळीने बोलतो. वाय-फायच्या गर्दीतून वाट काढायला ही सोय आहे, पण भिंतींवरून होणारं परावर्तन तिन्हींवर वेगळं असल्यामुळे मांजर जागची हललेली नसतानाही आकडे नाचतात.

आमच्याकडे बोका टीव्हीच्या युनिटमागे झोपतो. तिथून हॉलचा बोर्ड त्याला उणे ७१ने ऐकतो आणि भिंतीपलीकडचा बेडरूमचा बोर्ड उणे ६८ने (आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार). म्हणजे हिशेबाने तो बेडरूममध्ये. यावर सूत्र बदलून उपयोग नाही, बोर्डाची जागा बदलावी लागते. हॉलचा बोर्ड उंच कपाटावरून काढून बैठकीच्या पातळीवर आणला की प्रकरण मिटतं. मांजर जिथे खरंच बसते त्या पाच-सहा जागा तुम्हाला ठाऊकच असतील. बीकन हातात घेऊन त्या प्रत्येक जागी दोन-दोन मिनिटं बसा, सगळ्या बोर्डांचे आकडे लिहून घ्या, आणि मग बोर्ड हलवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळी यंत्रणा त्यावरच उभी राहते.

निर्णयाचं गणित साधं ठेवा. प्रत्येक बोर्डाच्या शेवटच्या आठ-दहा वाचनांचा मध्यक घ्या, म्हणजे ती क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वाचन. सरासरी नको, एखादं भरकटलेलं वाचन तिला ओढून नेतं. दुसरा बोर्ड सध्याच्या बोर्डापेक्षा किमान सहा डेसिबलने पुढे असेल आणि पंधरा-वीस सेकंद पुढेच राहिला, तरच खोली बदला. ही अट नसेल तर तुमची मांजर दर मिनिटाला भिंतीतून आरपार जाताना दिसेल.

दाराचं काम मात्र ब्लूटूथवर सोपवू नका. पायरीवर बसलेली मांजर आणि दाराआत बसलेली मांजर त्याला सारखीच. तिथे प्रकाशकिरण लावा: ती ये-जा करते त्या फटीत किंवा खिडकीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर दोन इन्फ्रारेड किरण. बाहेरचा अ, आतला ब. अ तुटला, मग ब तुटला, मग अ जुळला, मग ब जुळला, तर मांजर आत आली. अ तुटला, ब तुटला, पण आधी ब जुळला आणि मग अ, तर तिने आत डोकावून पाहिलं आणि बेत रद्द केला. इंटरनेटवरचे बरेच तयार प्रोग्राम फक्त तुटण्याचा क्रम बघतात आणि इथेच फसतात, कारण अर्ध्यात थांबून विचार करणं हा मांजरांचा जन्मसिद्ध हक्क आहे. दुसरी अडचण शेपटीची. अंग आत गेल्यावर मागून शेपटी येते आणि किरण पुन्हा दोन-तीनदा तोडते. त्यामुळे एक फेरी नोंदली की पुढचा दीड सेकंद काहीही नोंदवायचं नाही.

किरणाच्या रिसीव्हरबद्दल एक सूचना. टीव्हीच्या रिमोटसाठी बनवलेला टीएसओपी१७३८ सगळीकडे मिळतो, पण सतत येणारा ३८ किलोहर्ट्झचा सिग्नल तो गोंगाट समजून दाबून टाकतो आणि मग किरण कायम तुटलेलाच दिसतो. एक तर सिग्नल लहान-लहान हप्त्यांत पाठवा, नाहीतर याच कामासाठी केलेला टीएसएसपी४०३८ मागवा. दार पश्चिमेला असेल तर रिसीव्हरभोवती काळ्या नळीचा तुकडा बसवा, उतरतं ऊन थेट आत जायला नको.

तिला मायक्रोचिप बसवलेली असेल तर ती दारात वाचावी, असं तुम्ही सुचवलं आहे. कल्पना चांगली. पण पाळीव प्राण्यांची चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालते, आणि बाजारात मिळणारा आरडीएम६३०० हा स्वस्त रीडर १२५ किलोहर्ट्झचा. तो हजेरीची कार्डं वाचेल, मांजर वाचणार नाही. योग्य रीडर घेतला तरी पल्ला काही सेंटिमीटरच, म्हणजे मान अँटेनाच्या कड्यातून जायला हवी. एकच मांजर असेल तर या भानगडीत पडू नका. गल्लीतली दुसरी मांजरंही तुमच्याकडे जेवायला येत असतील, तर मात्र हा खर्च वसूल होतो, कारण किरणाला आपली-परकी कळत नाही.

या सगळ्या बोर्डांनी आपसात बोलायचं ते एमक्यूटीटीवर, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवण्याच्या पद्धतीवर. अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी १९९९मध्ये हा प्रोटोकॉल तयार केला, तेलाच्या पाइपलाइनींची वाचनं उपग्रहाच्या महागड्या, तुटक जोडणीवरून आणण्यासाठी. आपल्या घरातलं वाय-फायही तुटकच असतं, त्यामुळे तो इथे फिट्ट बसतो. ३ बीवर मॉस्क्विटो हा ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन वाटणारा मध्यस्थ प्रोग्राम, टाका. २.० आवृत्तीपासून तो मुळात फक्त स्वतःच्या मशीनपुरताच ऐकतो, म्हणून जुने धडे वाचून केलेली जोडणी नाकारली जाते. कॉन्फिगमध्ये १८८३ क्रमांकाचा लिसनर (ज्या पोर्टवर ब्रोकरने ऐकायचं ते) आणि पासवर्ड दोन्ही लिहा. टॉपिकचं (निरोपाच्या विषयाचं) नाव 'घर/मांजर/खोली' असं देवनागरीत दिलंत तरी चालतं. राउटरमधून ते पोर्ट बाहेर उघडू मात्र नका. घरी कोण नाही हे मांजरीच्या निमित्ताने जगाला कळायला नको.

वेळेचा शिक्का नेहमी मध्यवर्ती बोर्डानेच मारायचा. रास्पबेरी पाय ३ आणि झीरोवर बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली आणि राउटर उशिरा उठला, तर तोवर बोर्ड जुन्याच वेळेत वावरतो. मग नोंदवहीत मांजर आधी आत येते आणि नंतर बाहेर जाते. विजेचा दुसरा बळी मेमरी कार्ड. झीरो डब्ल्यूवर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही. नोंदी ३ बीवर ठेवा आणि त्याला राउटरच्याच इन्व्हर्टर लाइनवर घ्या. वायरी केसिंग पट्टीतून न्या. चावण्यासाठी पातळ यूएसबी केबलइतकी मऊ वस्तू मांजरीला दुसरी मिळत नाही.

गळपट्टा ओढ बसली की आपोआप सुटणाराच हवा. झाडाच्या फांदीत अडकून फास बसण्यापेक्षा बीकन हरवलेला परवडला. नाणेसेलचं झाकण स्क्रूचं घ्या. हा सेल गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजते. तसं झालं तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर गाठायचे.

बाहेर गेल्यावर ती कुठे फिरते, याची उत्सुकता मी समजू शकतो. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतल्या ९२५ पाळीव मांजरांना जीपीएस लावून पाहिलं होतं. बहुतेकींचा वावर घरापासून शंभर मीटरच्या आतलाच निघाला. म्हणजे हाक मारली तर ऐकू जाईल इतकाच. तरी हवंच असेल तर तयार ट्रॅकर घ्या. लोरा, म्हणजे कमी विजेवर लांब जाणारा रेडिओ, वापरून स्वतः करायचं असेल तर आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना आहे, ९१५चं मोड्यूल उचलू नका. ॲपलचा एअरटॅग हा ट्रॅकर आसपास आयफोन असतील तेवढाच चालतो, आणि ॲपल स्वतःच सांगतं की तो वस्तूंसाठी आहे, प्राण्यांसाठी नाही.

राहता राहिल्या आई. त्यांना ॲप नको, दिवा द्या. एक ईएसपी३२, त्यावर तीन एलईडी, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर, आणि हे सगळं एका जुन्या डबीत घालून स्वयंपाकघरात घड्याळाखाली. हिरवा म्हणजे आत, लाल म्हणजे बाहेर. तिसरा पिवळा, आणि तो विसरू नका: दाराचा बोर्ड बंद पडला किंवा वाय-फाय गेलं तर शेवटची स्थिती तशीच राहते, आणि मांजर बाहेर असताना हिरवा दिवा रात्रभर जळत राहतो. एमक्यूटीटीमध्ये प्रत्येक बोर्डाला आपलं 'लास्ट विल' आधीच ब्रोकरकडे ठेवता येतं. जोडणी अचानक तुटली की ब्रोकर तो निरोप सगळ्यांना पाठवतो. तो निरोप आला, किंवा दिव्याची स्वतःचीच जोडणी तुटली, की पिवळा लावायचा. आईंना एवढंच सांगा की पिवळा दिसला तर दिव्यावर जाऊ नका, दार उघडून हाक मारा.