मधेच कोणी अडवलं तर?

पत्र: माझी मुलगी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून इथल्याच एका दवाखान्यात काम करते. जर्मनीला जायचं म्हणून दोन वर्षं ऑनलाइन जर्मन शिकतेय. तिची पद्धत एकच, धडेच्या धडे पाठ करायचे. रात्री पडवीत फेऱ्या मारत म्हणत असते. पुण्याला जाऊन बी१ ची, म्हणजे जर्मनच्या मधल्या पातळीची, परीक्षा दिली. वाचन, श्रवण, लेखन सुटलं, बोलण्यात नापास. सादरीकरण खाडखाड म्हटलं, पण जोडीच्या मुलीने एक प्रश्न विचारला आणि ही गप्प. क्लासचे सर म्हणतात, पाठांतर आधी बंद कर. तिचे आजोबा दशावतारात होते, ते म्हणतात पाठ केल्याशिवाय विद्या येत नाही. कोणाचं ऐकू?
– एक आई, वेंगुर्ले तालुका

ताई, दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. आणि आजोबांना आज संध्याकाळी एक विचारा: जत्रेत रात्रभर जे संवाद म्हणायचात, ते कुठल्या वहीतून पाठ केले होते?

ते हसतील. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. त्या रात्रीचं आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. समोरचा राक्षस आज काय बोलेल ते देवाला ठाऊक नसतं. पण म्हणून आजोबा काही कोऱ्या पाटीने रंगमंचावर जात नव्हते. पदं पाठ, पुराणातल्या कथा पाठ, दरबारात येताना राजाने काय म्हणायचं, युद्धाला ललकारताना काय म्हणायचं, सगळं जिभेवर. त्या साठ्यातून ते हवं तेव्हा हवं ते उचलत. तुमच्या मुलीकडे साठा आहे, उचलता येत नाही.

याचं कारण तिच्या हुशारीत शोधू नका. आपण सगळे गणपतीत मंत्रपुष्पांजली न अडखळता म्हणतो. पण चौथी ओळ मधूनच सांगा म्हटलं, तर मनात पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि इतकी वर्षं म्हणूनही त्यातल्या एका शब्दावरून संस्कृतमध्ये स्वतःचं एक वाक्य कितीजणांना करता येतं? ओळीला ओळ जोडून पाठ झालेलं साखळीसारखं येतं. मधली कडी कोणी ओढली की सगळं थांबतं. परीक्षेत तेच झालं.

तरी मी पाठांतर सोडा म्हणणार नाही. जर्मनसाठी तर नाहीच. त्या भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत, पण जुळत नाहीत. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. मुलगी त्यांच्याकडे नपुंसकलिंगी, ‘डास मेडशेन’. पुण्या-मुंबईच्या मुलांना याचं नवल वाटतं. तुमच्या घरात वाटायला नको, कारण मालवणीत चेडूही नपुंसकलिंगीच! (त्यांच्याकडचं कारण वेगळं. शब्दाच्या शेवटी ‘शेन’ हा लाडाचा प्रत्यय लागला की तो नपुंसकलिंगी होतो.) ही लिंगं तर्काने सापडत नाहीत, नामाला चिकटवूनच तोंडात बसवावी लागतात. पुढे आपल्या सामान्यरूपासारखी भानगड आहे. रुग्ण म्हणजे ‘डेअर पात्सिएंट’, पण ‘रुग्णाबरोबर’ म्हणताना ‘मिट डेम पात्सिएंटेन’. रुग्ण बाई असेल तर ‘मिट डेअर पात्सिएंटिन’. तक्ता आठवून हे बोलायला गेलात तर रुग्ण बरा होऊन घरी जाईल. असे तुकडे पाठच हवेत.

अख्खे मजकूर पाठ करून भाषा शिकणारा सर्वांत गाजलेला माणूस जर्मनच होता. हाइनरिख श्लीमान, जन्म १८२२, ट्रॉयचं उत्खनन करणारा. तरुणपणी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये कारकुनी करताना त्याने दोन कादंबऱ्या पाठ करून इंग्रजी शिकल्याचं स्वतःच लिहिलंय. रशियन शिकताना ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन एक माणूस ठेवला. त्याला रशियनचा एक शब्द कळत नव्हता. मोठमोठ्याने म्हणण्यामुळे शेजारी वैतागले आणि दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं. गृहस्थ स्वतःबद्दल वाढवून सांगण्यात पटाईत होता, तेव्हा सगळं खरं धरू नका. पण त्याच्या पद्धतीतली एक गोष्ट लोक विसरतात. तो रोज स्वतःच्या आवडीच्या विषयावर निबंध लिहायचा, शिक्षकाकडून तपासून घ्यायचा आणि तो दुरुस्त केलेला निबंध पाठ करायचा. म्हणजे शब्द त्याचे, चुका काढलेल्या.

मुलीने हेच करावं. पुस्तकातले लांब धडे आता पुरे. आठवड्याला एकच पान, तेही तिच्या वॉर्डातलं: नवीन रुग्ण दाखल झाला, रात्रपाळीने सकाळपाळीला माहिती दिली, नातेवाइक भांडायला आले. लिहून सरांकडून तपासून घ्यायचं, सर नाही म्हणणार नाहीत. पाठ झालं की मोडायचं. ‘मी’च्या जागी ‘ती’, आजच्या जागी काल, पुरुषाच्या जागी बाई. एक शब्द बदलला की शेजारचे दोन हलतात, ते हलताना तिला दिसू देत. मग शेवटच्या वाक्यापासून सुरुवात, मग मधूनच.

आणि तो चार फ्रँकांचा माणूस म्हणजे तुम्ही. जर्मन येत नाही हे उत्तमच. ती म्हणत असताना मधेच तोडायचं आणि मालवणीत विचारायचं, “खंय दुखता?” तिने त्याचा प्रश्न जर्मनमध्ये करायचा, ‘वो हाबेन झी श्मेर्त्सेन?’ आणि उत्तरही द्यायचं. मग पुन्हा सोडलं तिथूनच पुढे. पहिले आठ दिवस ती चिडेल. चिडू दे. आजोबांना हे काम दिलंत तर फारच छान, समोरच्याला पेचात पकडायची त्यांना सवय आहे.

परीक्षेचं म्हणाल, तर बी१ चे चारही भाग स्वतंत्र आहेत. प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात आणि राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. वाचन-लेखनाची फी पुन्हा भरू नका. बोलण्याच्या परीक्षेत आधी जोडीने काहीतरी ठरवायचं असतं, मग सादरीकरण, मग त्यावर प्रश्न. पाठ करून निभतो तो मधलाच तुकडा. पुढे परिचारिका म्हणून मान्यता घेताना साधारणपणे बी२, म्हणजे त्याच्या वरची पातळी, मागतात, तिथे हा प्रकार आणखी वाढतो. म्हणून अर्ज भरायची घाई नको. महिनाभर अडवून बघा. दहा वेळा तोडल्यावर आठ वेळा ती सावरून पुढे गेली, की पुण्याची गाडी बुक करा.