वाट पाहताना चूक शेवटच्या घटकेला होते

प्रार्थनेच्या उत्तराची वाट पाहताय, तर आधी बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा १३ वा अध्याय सावकाश वाचा. इस्राएलाचा राजा शौल याला संदेष्टा शमुवेल येईपर्यंत गिलगालात सात दिवस थांबायचं होतं. लोक पांगू लागले, तेव्हा शमुवेलाने करायचं होमार्पण त्याने स्वतःच केलं. ते आटोपतंय तोच शमुवेल आला! अशी घाई भक्तीसारखी दिसते, म्हणूनच ती ओळखू येत नाही. अब्राहामाला संततीचं वचन मिळालं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता. ८६ व्या वर्षी दासी हागारेपासून इश्माएल झाला, वचनाचा पुत्र इसहाक मात्र १०० व्या वर्षी.

एक वही ठेवा. डाव्या पानावर पवित्र शास्त्रात स्पष्ट सांगितलेलं लिहा, उजव्या पानावर तुम्ही लावलेला अर्थ. ही पानं मिसळली की देवाने फसवलं असं वाटू लागतं. रोज एक स्तोत्र मोठ्याने वाचा. १३, २७ आणि १३० पासून सुरुवात करा. तेरावं तक्रारीचं आहे, आणि तक्रार देवापाशीच करावी. मन कोरडं असलं तरी रविवारची उपासना आणि आजाऱ्यांची विचारपूस सोडू नका. नवी आज्ञा मिळेपर्यंत जुनीच लागू असते. मोठा निर्णय पाळकांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. भीतीपोटी तर मुळीच नको.