आधी रडून घे, मग प्रार्थना

दुखण्यात प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत म्हणून घाबरू नकोस. माझेही पहिले कित्येक महिने मुकेच गेले. बायबलमधली स्तोत्रसंहिता उघड आणि थेट १३ वे स्तोत्र वाच, "किती वेळ, हे परमेश्वरा?" असा सरळ जाब विचारणारे. ८८ वे तर अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. तुझ्या तक्रारीलाही देवासमोर जागा आहे, हे मला तिथे कळले.

मग मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचा, ५ वा अध्याय सावकाश वाच. १२ वर्षे रक्तस्रावाने पिडलेली ती स्त्री येशूच्या वस्त्राला शिवताच बरी होते, पण तो तेवढ्यावर पुढे जात नाही. थांबतो, तिचे सगळे ऐकून घेतो, तिला 'मुली' म्हणतो. मला खरे आरोग्य त्या हाकेतच दिसते.

"विश्वास कमी म्हणून दुखणे जात नाही" असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नकोस. येशूचा प्रेषित पौल, त्यानेही देवाला तीनदा विनवले, तरी त्याचा शरीरातला 'काटा', म्हणजे सतत छळणारा त्रास, राहिलाच. मिळाली ती कृपा. औषधे, समुपदेशन चालूच ठेव. आणि मंडळीतल्या, म्हणजे तुझ्या चर्चमधल्या, एका तरी विश्वासू माणसाला खरे काय ते सांग, या आठवड्यातच.